वराचा फोटो येथे जोडा

लिहिलेलं शेवटपर्यंत वाचतो कोण, या विषयावर आपल्याकडे दर संमेलनात एक परिसंवाद असतो. व्यासपीठावर सहा आणि समोर चार, हेच खरं तर त्या विषयाचं उत्तर, तरी परिसंवाद होतो आणि मीही त्यात वेळोवेळी हळहळलो आहे. पण अलीकडे मला एक वाचक सापडला. तो प्रस्तावना गाळत नाही. तळटिपा वाचतो. नवी आवृत्ती आली की जुनी शेजारी ठेवून ओळन्‌ओळ ताडून पाहतो. लेखकाने कुठे काय बदललं, का बदललं आणि बदलताना काय विसरला, यासाठी तो रात्र रात्र जागतो. असा वाचक एका जरी मराठी कादंबरीला लाभला असता, तरी तिच्या लेखकाने आनंदाने पुढचं लिखाण थांबवलं असतं. पण हा गृहस्थ कादंबऱ्या वाचत नाही. तो वेबसाइटच्या प्लगिनचा कोड वाचतो, आणि धंद्याने चोर आहे.

त्याची माझी गाठ पडली ती आमच्या भागातल्या एका वधूवर सूचक मंडळामुळे. मंडळ जुनं, चिटणीस त्याहून जुने. त्यांना सगळे काका म्हणतात. काकांनी आजवर कुणाच्या नुसत्या शब्दावर विश्वास ठेवलेला नाही. जन्मवेळ सांगितली तर इस्पितळाचा दाखला, पगार सांगितला तर पगारपत्रक, ‘स्वतःचा फ्लॅट’ लिहिलं तर इंडेक्स टू. गावची शेती बागायती की कोरडवाहू, हे सातबारा पाहिल्याशिवाय ते रजिस्टरात चढवत नाहीत. ‘निर्व्यसनी’ या शब्दापुढे ते पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढतात आणि मुलाच्या ऑफिसबाहेरच्या पानटपरीवर स्वतः उभे राहून येतात. अशा माणसाच्या मंडळाने वेबसाइट काढली, तिच्यावर ‘वराचा / वधूचा फोटो येथे जोडा’ असं बटण बसवलं, आणि त्या बटणाला मात्र जगातल्या कुणीही काहीही दिलेलं चालत होतं. फोटोच आहे ना, एवढं ते विचारायचं. हो, असं उत्तर आलं की ‘धन्यवाद! आपली नोंदणी झाली आहे’ म्हणायचं.

परिणाम असा झाला की गूगलवर मंडळाचं नाव शोधलं की खाली जपानी लिपीतला मजकूर येऊ लागला. नामांकित कंपन्यांच्या नकली पर्स, नकली घड्याळं, नकली बूट. सुरक्षा क्षेत्रातल्या लोकांत या रोगाला ‘जपानी कीवर्ड हॅक’ असंच नाव आहे आणि तो कसा निस्तरावा याच्या सूचना खुद्द गूगलनेच लिहून ठेवल्या आहेत. यातली खुबी अशी की चोर हा जपानी बाजार पुष्कळदा फक्त गूगलच्या यंत्रालाच दाखवतो. मालक स्वतः साइट उघडतो तेव्हा त्याला नेहमीचा गणपती, नेहमीची सनई आणि नेहमीचीच ‘गोरी, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष’ मंडळी दिसतात. त्यामुळे काकांना बराच काळ पत्ताच नव्हता. लागल्यावरही ते डगमगले नाहीत.

“आपल्याकडे परदेशस्थ स्थळांचा वेगळा विभाग आहे,” ते म्हणाले. “त्यातलं कुणी असेल का हो?”

हे होतं कसं, ते सांगायला फारसं शास्त्र लागत नाही. सर्व्हरकडे फोटोची फाइल मागितली की तो ती दाखवतो. पीएचपीची फाइल मागितली की तो ती दाखवत नाही. तिच्यात जे करायला सांगितलंय ते करतो. एवढंच. फोटोच्या जागी पीएचपीची फाइल आत ढकलता आली आणि मग बाहेरून तिचा पत्ता टाइप करता आला, की साइट तुमची. अशा फाइलला ‘शेल’ म्हणतात. मोठे शेल असतात, त्यांत खिडक्या, बटणं, फाइलींची यादी असा सगळा सरंजाम असतो; पण काम भागवायला एक ओळही पुरते. ती ओळ सर्व्हरला इतकंच म्हणते, की यापुढे मी बाहेरून जे सांगेन ते कर. काकांच्या मंडळात या अटीवर आजवर एकही स्थळ जमलेलं नाही. सर्व्हर पहिल्या भेटीतच होकार देतो. आणि आत टाकलेली फाइल शोधायची कुठे, तर वर्डप्रेसमध्ये आलेल्या फाइली मुळातच वर्षाचा एक कप्पा आणि त्यात महिन्याचा एक कप्पा अशा लावून ठेवलेल्या असतात. इतकी नीटनेटकी मांडणी चोराला दुसऱ्या कुठल्या दप्तरात मिळणार?

वर्डप्रेस म्हणजे ज्याच्यावर मंडळाची साइट उभी आहे ते. २००३ साली मॅट मुलनवेग हा अमेरिकेतला विद्यार्थी आणि माइक लिटल हा इंग्लंडमधला प्रोग्रॅमर, या दोघांनी कर्त्याने वाऱ्यावर सोडलेला बीटू नावाचा एक प्रोग्रॅम उचलला आणि पुढे चालवला. आज जगातल्या दर पाच वेबसाइटांपैकी दोनांहून अधिक त्याच्यावर चालतात. मूळ प्रोग्रॅम बऱ्यापैकी साधा. ज्याला जे जास्तीचं हवं त्याने त्याचं प्लगिन आणून बसवायचं. अशी मोफत प्लगिनं वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारात साठ हजारांच्या घरात आहेत. वर्डप्रेसबरोबर वर्षानुवर्षं फुकट येत आलेलं एक प्लगिन आहे, हॅलो डॉली. लुई आर्मस्ट्राँगने गाजवलेल्या गाण्याची एक ओळ ते कोपऱ्यात दाखवतं. दुसरं काहीही करत नाही. सगळ्या भांडारात मला सर्वांत आदर वाटतो तो याच्याबद्दल.

बाकीची मात्र काही ना काही करतात, आणि मोफत म्हटल्यावर आपल्याकडे कुणी एक घेऊन थांबत नाही. अध्यक्षांना दिनविशेष हवा होता. खजिनदारांना देणगीदारांची सरकती पट्टी हवी होती. एका सदस्याच्या नातवाने डिसेंबरात साइटवर बर्फ पडायची सोय केली होती. तो एप्रिलातही पडत असे, आणि विदर्भातल्या स्थळांना त्याचं कौतुक होतं. फोटो घेणारी प्लगिनं तीन होती. पहिलं चालेना म्हणून दुसरं, दुसरं आवडेना म्हणून तिसरं. पहिली दोन काढली नव्हती, कारण “राहू द्या, खाताहेत काय?” ज्या मुलाने हे सगळं बसवलं तो आधी हिंजवडीला लागला आणि मग कॅनडाला गेला. त्याचं लग्न याच मंडळाने जमवलेलं, त्यामुळे त्याला बोलायची सोय नाही. पासवर्ड त्याच्याबरोबर गेला.

आता आलेली फाइल फोटोच आहे, हे प्लगिन ओळखतं कसं? आमच्या सोसायटीच्या फाटकावर वॉचमन असतो. तो विचारतो, “कुठे?” आपण म्हणतो, “चारशे दोन.” तो वहीत लिहितो, “चारशे दोन.” चौकशी पूर्ण. पुष्कळ प्लगिनांची तऱ्हा हीच. फाइलबरोबर एक चिठ्ठी येते, तिच्यावर लिहिलेलं असतं, ‘आत चित्र आहे’. ही चिठ्ठी कोण लिहितं? फाइल पाठवणारा. प्लगिन चिठ्ठी वाचतं आणि वाट सोडतं. काही प्लगिनं याहून हुशार. ती फाइलचे पहिले काही बाइट उघडून पाहतात. जीआयएफ जातीच्या चित्राची सुरुवात ‘जीआयएफ८९ए’ या सहा अक्षरांनी होते, १९८९ सालच्या प्रमाण आवृत्तीची ती निशाणी. तेव्हा चोर ही सहा अक्षरं वर लिहितो आणि खाली आपला कार्यक्रम सुरू करतो. लग्नपत्रिकेवर वरच्या बाजूला ‘श्री गणेशाय नमः’ आहे म्हणजे खालचं सगळं खरं, असं मानणारे लोक काकांनी पाहिले आहेत. काकांनी त्यांना मंडळाच्या समितीवर घेतलेलं नाही.

मग कुणीतरी म्हणतं, नावाच्या शेवटी पीएचपी असलेली फाइल घेऊच नका. उत्तम. पण नावाच्या शेवटी पीएचटीएमएल लावलं, किंवा पीएचपीच्या पुढे पाचाचा आकडा लावला, तरी पुष्कळ सर्व्हर तिला पीएचपीच समजतात. यादी करणाऱ्याला ही भावंडं माहीत नसतात. २०१३ साली जूमला या वर्डप्रेसच्या स्पर्धकात याहून गोड प्रकार सापडला. फाइलच्या नावाच्या शेवटी नुसतं एक टिंब द्यायचं. शेवटच्या टिंबापुढचा भाग तपासायचा असा नियम, आणि त्या टिंबापुढे काहीच नाही. काहीच नाही म्हणजे आक्षेपार्ह काहीच नाही. २०२० च्या डिसेंबरात कॉन्टॅक्ट फॉर्म सेव्हन या प्लगिनमध्ये त्याचीच मावसबहीण निघाली. नावात दोन शेपट्या, आधी पीएचपी, मग जेपीजी, आणि मध्ये डोळ्यांना न दिसणारं टॅबसारखं एखादं अक्षर. हे प्लगिन तेव्हा पन्नास लाखांहून अधिक साइटांवर होतं. दोष शोधणारी कंपनी भारतीय मुळाची होती, ॲस्ट्रा सिक्युरिटी. एका माणसाची दोन नावं आणि मध्ये न दिसणारं काहीतरी, हे आपल्या लोकांना लवकर दिसावं यात मला नवल वाटलं नाही.

पण हे सगळे फुटकळ नमुने. अभिजात म्हणावं असं वाङ्‌मय २०११ पासून सुरू होतं.

त्या काळी टिमथंब नावाची एक पीएचपी फाइल शेकडो वर्डप्रेस थीमांमध्ये, म्हणजे साइटच्या तयार पेहरावांमध्ये, असे. काम काय, तर चित्र लहान करून देणं. चित्र दुसऱ्या साइटवर असलं तरी ती आणायची, लहान करायची आणि एक प्रत आपल्याकडे जपून ठेवायची. वाटेल तिथून आणू नये म्हणून तिच्यात विश्वासू साइटांची यादी होती: फ्लिकर, ब्लॉगर, वर्डप्रेस वगैरे. ऑगस्ट २०११ मध्ये मार्क माँडर या गृहस्थाला आपल्या ब्लॉगवर आपण न लावलेल्या जाहिराती दिसल्या. तो माग काढत या यादीपाशी पोचला. यादीतलं नाव पत्त्यात कुठेतरी आलं की टिमथंबचं समाधान होत होतं. म्हणजे ‘ब्लॉगर डॉट कॉम डॉट अमुक-चोर डॉट कॉम’ हा पत्ताही तिच्या लेखी ब्लॉगरचाच. “आम्ही साताऱ्याच्या अमक्यांपैकी” एवढ्यावर मुलगी द्यावी, तसलाच हा हिशेब. चोराच्या साइटवरून आलेलं ‘चित्र’ ती इमानेइतबारे जपून ठेवी, तेही बाहेरून उघडता येईल अशा फोल्डरात. माँडरने पुढे वर्डफेन्स ही सुरक्षा कंपनी काढली. कुणाला घरात चोरी झाल्यावर वैराग्य येतं, कुणाला धंदा सुचतो.

२०१४ च्या जुलैतलं प्रकरण मेलपोएट या वार्तापत्रं पाठवणाऱ्या प्लगिनचं. त्याच्या कर्त्यांनी वर्डप्रेसमधल्या ‘ॲडमिन इनिट’ नावाच्या एका टप्प्यावर भिस्त ठेवली होती. नावातच ॲडमिन आहे. म्हणजे इथवर फक्त ॲडमिनच येणार, वेगळी ओळख विचारायला नको, असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात एका विशिष्ट पत्त्यावर कुणीही टकटक केली तरी तो टप्पा येतो. झालं, लॉगिनशिवाय फाइली आत. ‘साहेबांची खोली’ अशी पाटी आहे म्हणजे आत साहेबच बसलेले असणार, हा ज्याचा समज आहे त्याने आमच्या तहसील कचेरीत एकदा जाऊन यावं. हे प्लगिन तोवर सतरा लाखांच्या वर वेळा उतरवलं गेलं होतं. सुकुरी या कंपनीच्या अंदाजाने महिनाभरात पन्नास हजारांच्या आसपास साइटांना लागण झाली. त्यातही ज्यांच्याकडे मेलपोएट कधीच नव्हतं असे पुष्कळ होते. एकाच सर्व्हरखात्यावर शेजारी नांदत होते, एवढाच त्यांचा दोष. वर चोराचा कोड इतका अजागळ होता, की तो घुसला की साइट मोडूनच पडे. गाढ वाचन म्हणजे चांगलं लेखन नव्हे, हे आमच्या समीक्षेतही दिसतं.

मला मात्र सगळ्यांत जीव लावणारी कथा वाटते ती जेक्वेरी फाइल अपलोडची. सेबास्टियन चान या प्रोग्रॅमरने ब्लूइंप या नावाखाली लिहिलेलं हे प्लगिन. इतकं लोकप्रिय, की गिटहब या प्रोग्रॅमरांच्या कोडभांडारावर त्याच्या सुमारे ७,८०० नकला लोकांनी काढून घेऊन आपापल्या घरी नांदवल्या होत्या. त्यात कोणतीही फाइल घ्यायची सोय होती, पण फाइली ठेवायच्या फोल्डरात ‘डॉट एचटीॲक्सेस’ नावाची एक छोटी आज्ञापत्रिका होती: इथलं काहीही चालवायचं नाही, नुसतं द्यायचं. व्यवस्था चोख होती. फक्त २०१० मध्ये अपाची या सर्व्हरने, आवृत्ती २.३.९ पासून, असल्या आज्ञापत्रिका मुळात वाचायच्याच नाहीत असं ठरवलं. कारणंही रास्त होती, कामाचा वेग आणि सुरक्षितता. सुरक्षिततेसाठी! ज्याला वाचायच्या असतील त्याने तसं कळवावं, असं त्यांनी जाहीर केलं. कळवलं कुणीच नाही. कारण ते जाहीर निवेदन कुणी वाचलंच नव्हतं.

पुढची आठ वर्षं ती आज्ञापत्रिका त्या फोल्डरात बसून होती. कुणी तिच्याकडे पाहत नव्हतं. ती मात्र प्रत्येक नकलेबरोबर नव्या घरी जात होती, तिथेही तसंच बजावत होती, आणि तिथेही तिला कुणी विचारत नव्हतं. मला ही कथा वाचताना दोन-तीन निवृत्त मुख्याध्यापक आठवले. शेवटी २०१८ च्या ऑक्टोबरात अकामाई कंपनीच्या लॅरी कॅशडॉलर या संशोधकाने ते उघडकीला आणलं. (आडनाव खरंच कॅशडॉलर आहे. अशा आडनावाचं स्थळ आलं असतं तर काकांनी पगारपत्रकही मागितलं नसतं.) चान यांनी लगेच दुरुस्ती केली. आणि मग असं दिसून आलं, की ही फट कशी वापरावी याचे पाठ यूट्यूबवर २०१५ पासून पडून होते. म्हणजे चोरांनी ते केव्हाच वाचलं होतं, अभ्यासलं होतं, त्याचे क्लासही निघाले होते. ज्यांच्या घरात तो कोड नांदत होता ती हजारो मंडळी तेवढी राहिली होती.

आणि २०२० चा सप्टेंबर. फाइल मॅनेजर नावाचं प्लगिन, सात लाखांहून अधिक साइटांवर. त्याच्या पोटात एलफाइंडर हे दुसऱ्याच कुणी लिहिलेलं कोडचं तयार गाठोडं होतं. त्याच्याबरोबर एक नमुन्याची फाइल येते आणि ती चुकून चालू नये म्हणून तिच्या नावाला ‘डॉट डिस्ट’ अशी मुद्दाम शेपटी लावलेली असते. प्लगिनच्या कर्त्यांनी चाचणीपुरती ती शेपटी काढली. चाचणी झाली. शेपटी परत लावायची राहिली. ती फाइल तशीच लाखो घरी गेली, आणि ती कुणाची काही ओळख विचारत नव्हती. फाइल द्या, मी ठेवते, असा तिचा खाक्या. सेराव्हो या फिनलंडमधल्या होस्टिंग कंपनीतल्या माणसाला संशय आला, त्याने कळवलं, आणि कर्त्यांनी त्याच दिवशी ६.९ ही दुरुस्त आवृत्ती काढली. तोवर चोर आत होते.

पुढचं मात्र मी कुठल्या विनोदी लेखकाला सुचलेलं पाहिलेलं नाही. चोर आत शिरले आणि त्यांनी आधी काय केलं, तर ज्या फाइलमधून आपण आलो तिला पासवर्ड घातला. का? तर मागून दुसरा चोर येऊ नये. निदान दोन टोळ्या तरी हा उद्योग करताना वर्डफेन्सच्या लोकांना आढळल्या. म्हणजे मालकाला जे सुचलं नव्हतं, मंडळाच्या समितीला जे ठरावाला घ्यावंसं वाटलं नव्हतं, ते काम चोराने स्वखर्चाने, पहिल्या दिवशी, न सांगता केलं. कब्जा घेतल्यावर घराला कुलूप लावणाऱ्या या माणसाला ‘घुसखोर’ म्हणायला मला तरी जड जातं. पागडी पद्धतीच्या भाडेकरूसारखाच तो राहायला लागतो. घर त्याचं नसतं, पण काळजी त्यालाच असते.

हे सगळं मी काकांना सांगत होतो. त्यांना त्यातलं स्लायडरचं प्रकरण फार भावलं. पानाच्या डोक्यावर सरकणारी चित्रं दाखवणारं स्लायडर रिव्होल्यूशन नावाचं प्लगिन आहे. ते पुष्कळ विकतच्या थीमांमध्ये आधीच घातलेलं यायचं, त्यामुळे आपल्या घरात ते आहे हेच घरमालकाला ठाऊक नसायचं. २०१४ मध्ये त्यातल्या फटींचा बोभाटा झाला. डिसेंबरात ‘सोकसोक’ नावाच्या उपद्रवामुळे गूगलने अकरा हजारांहून अधिक साइटा काळ्या यादीत टाकल्या. २०१६ मध्ये पनामा पेपर्स फुटले, सुमारे एक कोटी पंधरा लाख कागद, तेव्हा ज्या मोसॅक फोन्सेका या वकिली कंपनीचे ते होते, तिच्या वेबसाइटवरही याच स्लायडरची जुनी आवृत्ती सरकत होती असं आढळलं. चोरी त्याच वाटेने झाली असावी हा वर्डफेन्सचा तर्क. सिद्ध झालेलं नाही. पण जगभरच्या श्रीमंतांनी आपला पैसा दडवायला बेटं शोधली, देश बदलले, कंपन्यांच्या पोटात कंपन्या घातल्या, आणि त्या कागदांची राखणदार कंपनी मुखपृष्ठावर सरकती चित्रं हवीत म्हणून हट्ट धरून बसलेली, हे ऐकून काकांनी खजिनदारांच्या पट्टीकडे पाहिलं.

“ती काढूया का?”

“काढा की.”

“देणगीदार नाराज होतील.”

पट्टी आहे तिथेच आहे.

अपडेट करणं हा साधा उपाय सगळेच सांगतात. सांगणाऱ्यांनी आमच्या मंडळाची सभा पाहिलेली नाही. प्लगिनची दुरुस्त आवृत्ती निघते तेव्हा तिच्याबरोबर ‘काय बदललं’ याची टीप निघते. जगात ती टीप मन लावून वाचणारा वर सांगितलेला एकच रसिक. दुरुस्ती कुठे झाली ते पाहिलं की आधी कुठे मोडलेलं होतं ते कळतं; आणि ज्यांनी अपडेट केलेलं नाही ते सगळे तसेच मोडके उभे असतात. काही तासांत त्याची यंत्रं दारोदार फिरू लागतात. इकडे मंडळात विषयपत्रिकेवर ‘वेबसाइट अद्ययावत करणे’ हा विषय ‘आयत्या वेळचे विषय’ यात येतो आणि तिथे पोचेपर्यंत बटाटेवडा आलेला असतो. गेल्या खेपेस तो आलाच तर एका सदस्यांनी विचारलं, “आत्ता चालतंय ना?” चालतंय. “मग हात कशाला लावायचा?” टाळ्या. वर्डप्रेसने ऑगस्ट २०२० पासून प्लगिनं आपोआप अपडेट व्हायची सोय दिलेली आहे, हे मी म्हटलं. आपोआप काही होणं हे घटनेत बसतं का, असा मुद्दा अध्यक्षांनी काढला.

मग काकांनीच तोड काढली. “सगळ्या प्लगिनांवर नजर ठेवणारं एखादं प्लगिन नसतं का?”

असतं. पुष्कळ असतात. त्यातलं एक, रिअली सिंपल सिक्युरिटी, चाळीस लाख साइटांवर होतं. २०२४ च्या नोव्हेंबरात त्यात अशी फट निघाली, की कुणालाही दुसऱ्या कुणाच्याही नावाने, अगदी ॲडमिनच्या नावाने, आत जाता येत होतं. फट होती ती पासवर्डशिवाय आणखी एक ओळख मागणाऱ्या सोयीत. ही सोय मुळात बंद असते. ज्याला जास्त काळजी तो ती मुद्दाम चालू करतो. म्हणजे ज्यांनी आळस केला त्यांना या फटीतून धोका नव्हता. हे मी सभेत सांगायला नको होतं. “पाहा!” असं चार-पाच जण एकदम म्हणाले.

तरी मी खरे उपाय कागदावर लिहून दिले. कशाची फाइल घ्यायची तेवढ्याचीच छोटी यादी करावी, कशाची नाही याची लांबलचक यादी करू नये. आलेल्या फाइलचं नाव फेकून देऊन तिला आपलं नाव द्यावं. चित्र असेल तर ते पुन्हा नव्याने काढून घ्यावं, म्हणजे पोटात काही लपवलेलं असेल तर बहुधा गळून पडतं. आणि अपलोडच्या फोल्डरात पीएचपी चालवायचीच नाही, हे सर्व्हरलाच सांगावं. ते एकदा केलं की बाकीच्या पुष्कळ चुका माफ होतात. काकांनी कागद लक्षपूर्वक वाचला. नाव बदलून घेणं त्यांना लगेच पटलं. लग्नात ते आपण करतोच, म्हणाले. राहिलेल्या गोष्टी कॅनडाला कळवायचं ठरलं. कॅनडाहून अंगठा आला.

जुनी दोन प्लगिनं काढताना तिसरंही निघालं आणि फॉर्म बंद पडला. समितीला हायसं वाटलं. आता फोटो आणि पत्रिका थेट काकांच्या व्हॉट्सॲपवर येतात. फोटोबरोबर सुविचार येतो, काका त्याला उत्तर देतात, आणि पगारपत्रक मागतात. जुनी शिस्त परत आल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. मी त्यांना एवढंच सांगून ठेवलं होतं, की अनोळखी नंबरवरून फाइल आली तर तिच्या नावाची शेपटी बघा. २०२४ च्या नोव्हेंबरात हिमाचल प्रदेशाच्या सायबर पोलिसांनी इशारा दिला होता: लग्नाचं निमंत्रण म्हणून व्हॉट्सॲपवर फाइल येते, तिच्या शेवटी एपीके असतं, उघडली की ती फोनमध्ये ॲप होऊन बसते आणि फोनचा ताबा घेते. चोराने इकडेही वाचन सुरू ठेवलं आहे, आणि आपण कोणतं साहित्य हमखास उघडतो हे त्याने बरोबर हेरलं आहे.

परवा सकाळी काकांचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. कुठल्याशा नंबरावरून पत्रिका आली होती. शेपटी त्यांनी पाहिली होती, एपीके होती, उघडली नव्हती.

“तुम्ही म्हणता ते सगळं खरं,” काका म्हणाले, “पण आधी मला सांगा, नाव काही कळतं का वरून? आपल्या मंडळातलं कुणाचं जमलं असेल, तर वर्गणी यायची आहे.”